खिल्लारे सिस्टरांचा कान

कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही. त्याला फक्त पुढच्या वर्षाचं पत्र येत नाही. खिल्लारे सिस्टरांना गेल्या वर्षी ते आलं नाही, आणि शाळा तपासणीची पांढरी गाडी आमच्या तांड्यावर त्यांच्याशिवाय आली. गाडीतून एक नवी मुलगी उतरली, गोड बोलली, पोरांना हात धुवायला शिकवून अर्ध्या तासात निघूनही गेली. आमच्या नव्या शिक्षिका म्हणाल्या, किती छान स्वभाव आहे ना यांचा. मी मान हलवली. छान स्वभावाच्या माणसांनी या तांड्यावर काय करून ठेवलंय ते मला ठाऊक आहे, कारण त्यांच्यात मीही एक आहे.

सिस्टर छान स्वभावाच्या नव्हत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, पायात नवऱ्याच्या मापाच्या वाटाव्यात अशा चपला आणि खांद्याला एक कापडी पिशवी. माहेर हट्टा गावचं, नवरा हिंगोलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पथकात एक डॉक्टर, एक औषधवाले आणि या नर्सबाई, अशी तीन माणसं असायची. पण पोरं गाडीला 'सिस्टरची गाडी' म्हणायची आणि डॉक्टरांचं नाव कोणाला सांगता यायचं नाही. नमस्कार केला तर त्या परत नमस्कार करत नसत. थेट विचारत, 'पट किती? हजर किती? बाकीचे कुठं हायेत?'

कुरुंद्यापासून आत आमचा तांडा. शाळा चार वर्गांची, शिक्षक दोन, आवारातच अंगणवाडी. पहिल्यांदा सिस्टर आल्या तेव्हा हळदीचे दिवस होते. घरोघरी हळद शिजवणं, वाळवणं चाललेलं आणि पोरं कोपरापर्यंत पिवळी. डॉक्टरांनी पोरांच्या तोंडात बॅटरी मारून यादी निम्मी संपवली होती. सिस्टरांनी ती थांबवली. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली आणि कापूस काढला, पोरांना ओळीनं बसवलं आणि एकेकाची नखं पुसायला घेतली. डॉक्टर म्हणाले, साबणानं धुवायला सांगा की. सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, 'हळद पाण्याला भीत न्हाई सर, तेलाला भेते.'

मला वाटलं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. मग त्यांनीच सांगितलं, म्हणजे रागावूनच सांगितलं. काही लेकरांच्या काळजात जन्मतःच दोष असतो, त्यांची नखं निळी पडतात, आणि हळदीच्या दिवसांत ते निळं पिवळ्याखाली दडून बसतं. मी इथे बारा वर्षं शिकवत होतो. दर वर्षी पिवळी नखं बघत होतो. त्याखाली काही असेल असं माझ्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी माझी पहिली बिनपाण्यानं केली. शाळेच्या रजिस्टरात पोरांची वजनं लिहायची असतात. वजनकाटा बिघडलेला होता, म्हणून मी ती अंदाजानं लिहीत असे. सगळेच लिहितात. सिस्टरांनी पान उलटलं, बोट खाली खाली नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, 'सर, तुमच्या शाळेतली लेकरं पुऱ्या किलोनंच वाढून राहिली का? वरचे ग्राम कुणालाच न्हाईत?' पोरं हसली. मला एवढा राग आला की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. विचारला असता तरी त्यांनी घेतला नसता. शेवटचं लेकरू तपासल्याशिवाय त्या कुठल्याच शाळेत चहा घेत नाहीत, हे मला पुढे कळलं.

त्यांचं ऐकणं बघण्यासारखं असायचं. सरकारी स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या गळ्यात. सिस्टरांचा स्वतःचा होता, पिशवीत फडक्यात गुंडाळलेला. त्याची चकती आधी स्वतःच्या गालाला लावून ऊन करायच्या, मग लेकराच्या छातीला. डोळे मिटायच्या आणि एक हात वर करायच्या. तो हात वर गेला की आमच्या खिचडीवाल्या मावशी हातातला डाव तसाच धरून उभ्या राहायच्या. सगळी शाळा मुकी. डॉक्टर एका पोराला जेवढा वेळ द्यायचे तेवढ्यात सिस्टरांचा अजून पहिला श्वास व्हायचा. या बाईचं स्वतःचं एखादं मूल असंच गेलं असणार, असं आम्ही शिक्षकांनी ठरवूनच टाकलं होतं. तसं काही नव्हतं. त्यांची दोन्ही मुलं धडधाकट आहेत. माणूस आपलं काम नीट करतो म्हटल्यावर त्यामागे काहीतरी दुःख असलंच पाहिजे, ही आमची समजूत. आमच्याविषयीच ती जास्त सांगते.

एक गोष्ट त्या कधी सोडत नसत. छातीत वावगा आवाज सापडला की लेकराच्या बापाला बोलावून घ्यायच्या. शेतात असेल तर शेतातून, बाजारात असेल तर बाजारातून. आला की नळ्या त्याच्या कानात घालायच्या. 'आईला विचारावं, बापाला ऐकवावं,' असं त्यांचं सूत्र होतं. आईला काय झालंय ते माहीतच असतं, तिला फक्त कोणी विचारत नाही. आणि बापाला शंभर वेळा सांगून पटत नाही, पण एकदा कानानं ऐकलं की पटतं.

हट्ट्याकडच्या एका मुलीची गोष्ट त्या सांगायच्या. बाप ऑपरेशनला तयार नव्हता. पोरीच्या छातीवर व्रण राहील, पुढे लग्न कसं होईल, म्हणत होता. सिस्टरांनी काही वाद घातला नाही, नळ्या कानात घातल्या. तो ऐकत राहिला, मग खाली बसला, मग कुठं सही करायची म्हणाला. पोरगी ऑपरेशन होऊन आली आणि आता खो-खो खेळते. कचरणाऱ्या आयांना दाखवायला सिस्टर तिला कुठे कुठे नेत, फ्रॉकचा गळा खाली ओढून व्रण दाखवत. तेरा वर्षांची झाल्यावर ती एकदा म्हणाली, मी आता दाखवणार नाही. सिस्टर तिला म्हणाल्या, 'बराबर हाय तुझं. माझं चुकलं.' आपलं चुकलं असं त्या म्हणाल्याचं मला तोवर तेवढं एकदाच ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा म्हणाल्या त्या परसराम चव्हाणाला, माझ्यासमोर.

परसराम आमच्या तांड्यावरचा. पाच एकर रान, कमी बोलणारा, शाळेच्या नळाची तोटी गळाली तरी न सांगता येऊन बसवून जाणारा. त्याचा करण तीन वर्षांचा, अंगणवाडीत. काटकुळा, बारमाही खोकला, दोन घास खाल्ले की कपाळाला घाम. सिस्टरांनी चकती लावली आणि हात वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही. परसरामला हळदीच्या रानातून बोलावलं. चिखलाच्या पायांनी तो व्हरांड्यात बसला आणि नळ्या कानात घालून घेतल्या.

'काय ऐकू येऊन राहिलं?'

'फुस्स, फुस्स असं. पाणी चाललंय जणू.'

सिस्टरांनी बोटानं धुळीत दोन चौकोन काढले. हे दोन वाफे, मधे बांध. बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय. ह्या वाफ्यात पाणी जास्त, त्या वाफ्यात कमी. म्हणून भोकातून पाणी सुसाट पळतंय आणि त्याचाच हा आवाज. काळजात असाच बांध असतो. भोक बुजवावं लागेल. शहरात मोठे डॉक्टर छाती उघडून बुजवतात, आणि लवकर बुजवलं तर लेकरू इतरांसारखं होतं. परसरामनं उभ्या जन्मात बांधाची भोकंच बुजवली होती. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. शहाण्या डॉक्टरांना तासाभरात जमलं नसतं ते बाईंनी धुळीतल्या दोन चौकोनांत केलं, आणि मी मनातून टाळ्या वाजवल्या.

ऑपरेशनची पहिली तारीख मिळाली तेव्हा सिस्टर स्वतः त्यांच्याबरोबर शहरात गेल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोराला ताप भरला. तापात छाती उघडत नाहीत; नंतर या म्हणून परत पाठवलं. इथपर्यंत कोणाचा दोष नव्हता. मग सिस्टर कुठल्या तरी साहेबांशी भांडल्या. तपासलेल्या पोरांचा आकडा वाढवून लिहायला त्यांनी नकार दिला होता, असं औषधवाल्यांनी मला सांगितलं. त्यांना सेनगावकडच्या पथकात टाकलं. जाताना फोन नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून म्हणाल्या, 'करणची तारीख यीन. आली की मला कळवा.' मी हो म्हटलं.

तारीख यायला लई वेळ लागला. कधी वजन कमी, कधी खोकला, कधी तिकडचीच रांग. त्या अडीच-तीन वर्षांत एक नवल घडलं. करण सुधारला. खोकला थांबला, अंगावर मांस आलं, जेवतानाचा घाम गेला. पहिलीत माझ्याच वर्गात बसला, तरतरीत, गणितात हुशार. शाळा तपासणीला नवे डॉक्टर आले, हसतमुख, पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटणारे. त्यांनी छाती ऐकली आणि म्हणाले, कुठाय आवाज? काही नाही, नॉर्मल आहे. परसरामचा विश्वास बसेना. त्यानं त्यांच्याकडे नळ्या मागितल्या. डॉक्टर दिलदार, दिल्या त्यांनी. परसराम मुलाच्या छातीला कान लावल्यासारखा ओणवा होऊन ऐकत राहिला. फुस्स नव्हतं. पाणी वाहत नव्हतं. तो तिथंच माझ्यासमोर रडला.

त्यानं नवस फेडला. सगळ्या तांड्याला जेवण दिलं. मी जेवलो, दोनदा वाढून घेतलं. त्याची बायको चंदा वाढता वाढता माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, 'गुरुजी, दिसायला बरा हाय. पन विहिरीवरून येताना दोनदा खाली बसतो. पहिलं बसत नव्हता.' मी म्हटलं, आळशी झालाय, लाड कमी कर. सगळे हसले. आईला विचारावं, हे सिस्टरांचं वाक्य मला पाठ होतं. पण इथे आई न विचारता सांगत होती, आणि माझ्या तोंडात घास होता.

आठ दिवसांनी शहरातल्या दवाखान्याचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. तारीख मिळाली होती. परसराम म्हणाला, 'आता काहून छाती फाडायची, गुरुजी? भोक बुजलंय. तुमी लिहून द्या.' काचेखाली सिस्टरांचा नंबर दिसत होता. एक फोन करावा असं मला वाटलं, हे मी खोटं सांगत नाही. पण फोन केला असता तर शिव्या खाव्या लागल्या असत्या. मधल्या काळात मी त्यांना एकदाही काही कळवलं नव्हतं. म्हणून मी फोन केला नाही, अर्ज लिहिला. 'पाल्याची प्रकृती आता ठणठणीत असून शस्त्रक्रियेची आवश्यकता वाटत नाही, तरी सदर तारीख अन्य गरजू बालकास देण्यात यावी.' ती शेवटची ओळ माझी. परसरामला ती फार आवडली. त्यानं खाली सही केली.

सिस्टर परत आल्या तेव्हा करण तिसरीत होता. मधे साहेब बदलले होते. तेच जाड भिंग, तीच पिशवी. गाडीतून उतरून पट विचारला, मग करण कुठाय विचारलं. मी आनंदानं सांगितलं की तो बरा झाला, भोक आपोआप बुजलं. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. हळदीचे दिवस नव्हते, तरी त्यांनी तेलाची बाटली काढून त्याची नखं पुसली. खिडकीच्या उजेडात धरून बघितली. मग चकती गालाला लावली, छातीला लावली, हात वर केला. मावशींचा डाव थांबला. मी वाट बघत होतो की आता त्या म्हणतील, व्हय, बुजलं.

त्यांनी नळ्या काढल्या आणि विचारलं, 'याला बरा झाला म्हणून कुणी सांगितलं?'

शहरात सगळ्या तपासण्या झाल्या. सिस्टर त्यांच्यासोबत गेल्या होत्या. परत आल्यावर परसरामला त्यांनी शाळेच्या त्याच व्हरांड्यात बसवलं. डॉक्टरांनी तिकडे सगळं सांगितलं होतं, पण त्याला कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, 'भोक हाय, तर मंग आवाज काहून गेला?'

सिस्टर धुळीत चौकोन काढायला वाकल्या, पण काढले नाहीत. तशाच बोलल्या. 'दोन्ही वाफ्यांतलं पाणी सारखं झालं, दादा. सारखं झालं की भोकातून पळत न्हाई, आवाज करत न्हाई. भोक हाय तिथंच हाय. इतकी वर्षं जास्तीचं रगत फुफ्फुसात जाऊन तिथल्या नळ्या कडक झाल्या. आता निळं रगत उलटं येऊन राहिलं.'

'तर आता बुजवा.'

'आता बुजवता येत न्हाई. आता त्या भोकावरच जगून राहिला तो. बुजवलं तर काळीज बंद पडंल.'

परसराम शाळेच्या नळाकडे बघत बसला. सिस्टर म्हणाल्या, 'माझं चुकलं. आवाज म्हंजे भोक, येवढंच म्या तुला शिकवलं. आवाज गेला तर काय, ते सांगितलंच न्हाई.'

तो म्हणाला, 'तुमी ऐकवलं न्हाई असतं तर पहिल्या बारीलाच मी त्याला नेलं न्हाई असतं, बाई.' आणि उठून गेला. त्याच्या मनात राग होता की उपकार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मला वाटलं आता माझी पाळी. दोन-चार तास बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं; खरं तर मला ते हवंच होतं. सिस्टरांनी पिशवी आवरली, चष्मा पुसला. दवाखान्याच्या फाइलीत त्यांनी माझा अर्ज वाचला होता. जाता जाता म्हणाल्या, 'सर, अक्षर लई सुंदर हाय तुमचं.'

त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलत राहिल्या. शिवी देणाऱ्या माणसानं शिवी देणं थांबवलं की काय होतं, ते मला तेव्हा कळलं. मी नवा वजनकाटा आणला, ग्रॅमसकट वजनं लिहू लागलो. वरातीमागून घोडं. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि पान उलटलं.

त्यांची शेवटची फेरी झाली तेव्हा ती शेवटची आहे हे आम्हांला ठाऊक नव्हतं, त्यांना असावं. अंगणवाडीत एक नवं लेकरू सापडलं, दीड वर्षाची मुलगी. तिच्या बापाला रानातून बोलावलं. मला वाटलं होतं, आता त्या कुठल्याही बापाच्या कानात नळ्या घालणार नाहीत. पण घातल्या. धुळीत वाफे काढले, खेकड्याचं भोक काढलं. मग त्याच्या दंडाला धरून म्हणाल्या, 'आता हे नीट ऐक. ऑपरेशनच्या आधी हा आवाज बंद झाला, तर जेवणं घालू नको. पळत दवाखान्यात ये. आवाज बंद होणं वाईट. म्हण माझ्यामागं.' तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. ती मुलगी ऑपरेशन होऊन आली आहे, हे इथे सांगायला हवं. सिस्टर आल्या नसत्या तर तिच्यासाठीही मी एखादा अर्ज लिहिला असता.

करण तेव्हा चौथीत होता. खेळाचा तास होता आणि तो लिंबाखालच्या ओट्यावर बसून बाकीच्यांचे गुण मोजत होता. तो कधीच खोटे गुण मोजत नसे, म्हणून पोरांनी त्याला कायमचा पंच केलं होतं. ओठ जांभळे. सिस्टर त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. गोळ्या संपल्या का, रात्री उशी किती उंच लागते, असं काहीबाही विचारलं. चकती गालाला लावली, त्याच्या छातीला लावली, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी नळ्या स्वतःच्या कानांतून काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी ऐकू दिलं नव्हतं. मीही मागितलं नव्हतं. मी बाप नव्हतो. मी नळ्या कानात घातल्या. मैदानावरचा गोंगाट एकदम लांब गेला. ठक्-ठक्, ठक्-ठक्. स्वच्छ, एका लयीत. दुसरा ठोका जरा जोरात, एवढंच. कुठे फुस्स नाही, कुठे काही गळत नाही. करण माझ्या तोंडाकडे बघत होता, पास की नापास विचारणाऱ्या पोरासारखा.

'कसं वाटतं?' सिस्टरांनी विचारलं.

'चांगलं वाटतंय,' माझ्या तोंडून गेलं.

'व्हय,' त्या म्हणाल्या. 'आसंच वाटतं.'

त्यांनी नळ्या माझ्या कानांतून काढून फडक्यात गुंडाळल्या, करणच्या शर्टाची बटणं लावली आणि चहा न घेताच गाडीत जाऊन बसल्या.